रोजकीर्द आणि खतावणी : इंटरनेटवरच्या खुणा आपल्या वहीत कशा उतरवाव्यात

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयावर वीस मिनिटं बोलावं असं समितीने ठरवलं. कुणी योगासनांवर बोललं, कुणी गच्चीवरच्या बागेवर. मी विषय सांगितला तेव्हा सचिव म्हणाले, "साहेब, हे जरा अवघड नाही का होणार?" मी म्हटलं, अवघड काहीच नाही. इंटरनेटवर सापडलेली कामाची पानं नीट जपून कशी ठेवायची, एवढाच विषय आहे. आणि तो फक्त संगणकवाल्यांचा नाही. ज्यांची जमीन आहे, पेन्शन आहे, बँकेत खातं आहे आणि लेकरं पुण्याला किंवा परदेशात आहेत, त्या प्रत्येकाचा तो विषय आहे. म्हणजे या सभागृहातल्या जवळजवळ सगळ्यांचा.

आधी बुकमार्क म्हणजे काय ते सांगतो. आपण पोथी वाचताना मोरपीस किंवा दोरा ठेवतो, तीच ही खूण. ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये, एखादं पान उघडलं आणि ताऱ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की त्या पानाचा पत्ता जपला जातो. संगणकावर कंट्रोल आणि डी ही दोन बटणं एकदम दाबली तरी तेच होतं. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच आपण ते सारखं करतो. आज सातबाऱ्याचं पान, उद्या पीकविम्याचं, परवा गुडघेदुखीवरचा लेख, तेरवा नातीच्या प्रवेशाची माहिती. वर्षभरात दोनशे खुणा होतात. आणि नेमकी हवी तेव्हा एकही सापडत नाही.

असं का होतं? ज्यांनी जुन्या पद्धतीने हिशेब लिहिले आहेत त्यांना हे एका वाक्यात सांगता येईल. बुकमार्क ही रोजकीर्द आहे, खतावणी नाही.

तरुणांसाठी थोडं उलगडून सांगतो. दुकानदार दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहितो. सकाळी साखर विकली, दुपारी हमाली दिली, संध्याकाळी उधारी आली. पण अमक्या गिऱ्हाइकाकडे आपलं किती येणं आहे, हे रोजकीर्द चाळून सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावी लागते. त्याला खतावणी म्हणतात. संगणक येण्यापूर्वी बँकेतही हेच होतं. व्हाउचर कितीही व्यवस्थित गठ्ठा बांधून ठेवलं, तरी लेजरमध्ये त्या खात्याच्या पानावर चढेपर्यंत त्या व्यवहाराला अर्थ नव्हता. बुकमार्क म्हणजे न चढवलेली व्हाउचरं. गठ्ठा वाढत जातो, खातं मात्र कोरंच राहतं.

यात दुसरी अडचण अशी, की बुकमार्कमध्ये पान जपलं जात नाही, फक्त पत्ता जपला जातो. आणि इंटरनेटवर पत्ते फार बदलतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संस्थेने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. म्हणजे शंभर खुणांतल्या अडतीस वाया. ऑर्कुट आठवतंय का? २०१४ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं. याहूची जिओसिटीज नावाची सेवा होती, लोकांनी हौसेने आपापली पानं केली होती तिथे. ती २००९ मध्ये गेली. लेख नंतर वाचण्यासाठी बाजूला ठेवायचं पॉकेट नावाचं एक साधन होतं. ते जुलै २०२५ मध्ये बंद झालं. खुणा ठेवायची जागाच गेली म्हणा ना.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्या भागात 'हैदराबाद बँक' हे घरातलं नाव. १९४१ साली स्थापन झालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पाट्या बदलल्या आणि संकेतस्थळही गेलं. ग्रामीण बँकेचंही तसंच. १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक मिळून राज्यात एकच ग्रामीण बँक झाली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं, की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलं संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्या. फसवणूक करणारे बँकेसारखं दिसणारं खोटं पान तयार करतात, त्याला आळा बसावा म्हणून हा निर्णय. निर्णय उत्तम आहे. पण याचा अर्थ असा, की बँकेची जुनी खूण जपून ठेवलेल्या माणसाने ती एकदा तपासून नवी करून घेणं आवश्यक झालं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. बँकेचा पत्ता किंवा ग्राहकसेवेचा नंबर दर वेळी गूगलवर शोधू नका. शोधल्यावर वर येणारी पहिली ओळ बँकेचीच असेल असं नाही, आणि खोटे नंबर पसरवणाऱ्या टोळ्या याच सवयीवर जगतात. पासबुकावरून किंवा शाखेत विचारून पत्ता एकदा खात्रीने घ्यावा, लिहून ठेवावा आणि कायम तोच वापरावा. तरीही फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर ताबडतोब लावा. हा नंबर मात्र भिंतीवर लिहून ठेवा, संगणकात नको. घाबरलेल्या माणसाला संगणक उघडायला सुचत नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. खूण आपण का ठेवली, हे बुकमार्क सांगत नाही. आपल्याच सोसायटीतल्या एका घरातली गोष्ट आहे. नाव घेत नाही. घरातला कर्ता माणूस अचानक गेला. हिशेबाला चोख, संगणक सराईतपणे वापरणारा गृहस्थ. मुलगा बाहेरगावहून आला, दिवस झाल्यावर वडिलांच्या संगणकापुढे बसला. चारशेच्या वर खुणा. त्यात विमा होता, शेअर होते, गावाकडच्या जमिनीची पानं होती. पण कुठल्या विम्याचा हप्ता चालू आहे, कुठला संपला, जमिनीचा कोणता गट आपला आणि कोणता चुलत्यांचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सगळं वडिलांच्या डोक्यात होतं. मुलगा मला म्हणाला, "काका, बाबांनी सगळं ठेवलंय, पण मला काहीच सापडत नाही." त्याच्या आईला सगळी कागदपत्रं मार्गी लावायला पुढचे आठ महिने लागले. मंडळी, आपण जपून ठेवलेलं आपल्याच माणसांना वाचता आलं नाही, तर ते जपून काय उपयोग?

म्हणून खतावणी. आणि संगणकावरच्या या खतावणीचं नाव आहे विकी.

विकिपीडिया सगळ्यांनी पाहिलेला आहे. इंग्रजी विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी २००३ साली. पण विकी ही कल्पना त्याहून जुनी. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिला विकी सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. तिथल्या होनोलुलू विमानतळावरच्या बसचं नाव 'विकी विकी' होतं, त्यावरून त्याने हे नाव उचललं. कल्पना साधी आहे. प्रत्येक विषयाला एक पान, ते पान कधीही दुरुस्त करता येतं, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर सहज जाता येतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश ज्यांनी चाळला असेल त्यांना हे नवीन नाही. एका नोंदीत 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदीचं नाव दिलेलं असतं, आपण उठून दुसरा खंड काढतो. विकीत उठावं लागत नाही, एवढाच फरक.

विकिपीडिया जगासाठी. आपल्याला हवा तो घरचा विकी, फक्त आपल्यासाठी. त्याची साधनं पुष्कळ आहेत. आपल्या वयाच्या माणसाला सोपं म्हणून मी टिडलीविकी सुचवतो. जेरेमी रस्टन या इंग्रज गृहस्थाने ते २००४ साली तयार केलं आणि ते फुकट आहे. त्याचं वैशिष्ट्य असं, की अख्खा विकी म्हणजे एकच फाइल. ती आपल्या संगणकावर राहते, ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट नसलं तरी चालते. पाऊस आला की नेट जाणाऱ्या गावाला हे सोयीचं. पेनड्राइव्हवर टाकून मुलीकडे पुण्याला नेता येते. मराठीत लिहिता येतं, मराठीत शोधता येतं.

आता कृती सांगतो. संगणकावर क्रोममध्ये बुकमार्क मॅनेजर उघडा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' असं असतं, ते निवडा. फायरफॉक्समध्येही अशीच सोय आहे. तुमच्या सगळ्या खुणांची एक फाइल तयार होते. तिच्यावर टिचकी मारली की ब्राउझरमध्ये स्वच्छ यादी दिसते. आत डोकावलं तर दोन गमती दिसतील. पहिल्या ओळीत अजून नेटस्केपचं नाव असतं. हा ब्राउझर कधीच काळाआड गेला, पण त्याची नोंदीची पद्धत सगळ्यांनी चालू ठेवली, जुन्या पेढीचा नमुना नव्या मालकाने चालवावा तशी. दुसरं, प्रत्येक खुणेपुढे एक लांबलचक आकडा असतो. ती खूण ठेवल्याची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली. म्हणजे तारखेसकट रोजकीर्द तयारच आहे. चढवायची तेवढी राहिली.

आता ही यादी एकदम विकीत ओतू नका. ओतली तर रोजकीर्दच दुसऱ्या वहीत गेली, खतावणी झाली नाही. एकेक खूण उघडून बघा. पान उघडत नसेल तर सोडून द्या. उघडलं आणि कामाचं नसेल तरी सोडून द्या. माझ्या अंदाजाने निम्म्या खुणा इथेच गळतील. उरलेल्यांना विकीत नोंद द्या. नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : नाव, पत्ता, कशासाठी ठेवलं, शेवटचं कधी तपासलं आणि 'पहा'. एक नमुना वाचून दाखवतो.

"हयातीचा दाखला. कशासाठी : पेन्शन चालू राहण्यासाठी दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. कुठे : जीवन प्रमाणचं संकेतस्थळ किंवा ॲप, नाहीतर सरळ बँकेच्या शाखेत. काय लागतं : आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, मोबाइल. कागद कुठे : कपाटात, वरच्या कप्प्यात, निळी फाइल. तपासलं : दसऱ्याला. पहा : पेन्शन, बँक खाती, आधार."

बघा, यात संकेतस्थळाची एकच ओळ आहे. बाकीचं सगळं आपलं ज्ञान आहे, जे कुठल्याही गूगलला माहीत नाही. निळी फाइल वरच्या कप्प्यात आहे, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. खतावणीची खरी किंमत त्या ओळीत आहे.

'पहा'चा आणखी एक उपयोग आपल्या गावाला चांगला समजेल. अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद. घरात जुने कागद असतील तर त्यांवर मोमिनाबाद लिहिलेलं सापडेल. जिल्ह्याचं सरकारी गॅझेटियर इंटरनेटवर आहे, पण इंग्रजीत त्याचं नाव 'भीर' असं छापलेलं आहे. आता नातवाने 'बीड' म्हणून शोधलं तर ते त्याला कसं मिळेल? औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तिथेही तीच अडचण. विकीत 'मोमिनाबाद' या नावाचं एक छोटं पान करायचं आणि त्यात लिहायचं : पहा, अंबाजोगाई. जुन्या कागदापासून नव्या नावापर्यंत पूल तयार झाला.

जे पान फार महत्त्वाचं आहे, त्याचा नुसता पत्ता ठेवू नका. प्रिंटच्या आज्ञेतून त्याची पीडीएफ करून जवळ ठेवा. सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट आर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था कामाला येते. १९९६ पासून ती जगभरातल्या वेबपानांच्या प्रती साठवते. तिच्या वेबॅक मशीनमध्ये एखाद्या पानाची प्रत जतन करायला आपणही सांगू शकतो, आणि नाहीसं झालेलं पान तिथे पुष्कळदा सापडतंही. मात्र आपली खासगी कागदपत्रं तिकडे पाठवायची नाहीत.

सावधगिरीच्या तीन गोष्टी. पहिली, पासवर्ड, पिन, ओटीपी यांतलं काहीही विकीत लिहायचं नाही. खातं कुठल्या बँकेत आहे हे लिहा, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय हे लिहा, किल्ली मात्र लिहू नका. दुसरी, टिडलीविकीत सेव्ह केल्यावर पुष्कळदा फाइलची नवी प्रत 'डाउनलोड्स'मध्ये जाते आणि जुनी जागच्या जागी राहते. दुसऱ्या दिवशी जुनीच उघडली की माणूस म्हणतो, माझं लिहिलेलं गेलं. गेलेलं नसतं, नव्या प्रतीत असतं. म्हणून सुरुवातीला घरातल्या तरुणाकडून एकदा सेव्हची व्यवस्था लावून घ्या. तिसरी, महिन्यातून एकदा फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरात ठेवा. बँकेत आम्ही बॅकअप त्याच इमारतीत ठेवत नव्हतो, त्याला कारण होतं.

कुणी म्हणेल, मला संगणक जमतच नाही. हरकत नाही. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक विषयाला एक पान द्या, पानांना नंबर घाला, पुढे अनुक्रमणिका लिहा आणि 'पहा पान १४' असं लिहीत चला. तोही विकीच. लेकरं आली की संगणकात उतरवतील.

आता सोसायटीबद्दल. पंचवीस वर्षांत समित्या बदलल्या. प्रत्येक समितीने नव्या समितीला दप्तर सोपवलं. 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही आहे, 'जे' नमुन्यातली यादी आहे, इतिवृत्तं आहेत, लेखापरीक्षणाचे अहवाल आहेत. कायद्याने जे ठेवायला सांगितलंय ते आहे. पण कायद्याने न सांगितलेलं पुष्कळ काही आहे, आणि ते कुठे आहे? बोअर किती फूट खोल गेला, मोटार कोणत्या वर्षी बदलली, मांजरा धरण आटलं त्या उन्हाळ्यात आपण टँकरची पाळी कशी लावली, सांडपाण्याची लाइन कुठून कुठे गेली, जिन्याखालचा व्हॉल्व्ह कशाचा. हे सगळं तीन-चार जणांच्या डोक्यात आहे, आणि ते तीन-चार जण आता सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यातला एक तुमच्यापुढे उभा आहे.

कायदाही बदलतो. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात सुधारणा होऊन गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. सभासद वारल्यावर सदनिका वारसाच्या नावे कशी करायची, थकबाकी कशी वसूल करायची, मानीव अभिहस्तांतरणासाठी कोणते कागद लागतात, हे समितीतले लोक दर वेळी नव्याने इंटरनेटवर शोधतात. एकाला सापडतं, तो आपल्या मोबाइलवर खूण ठेवतो, त्याची मुदत संपते आणि खूण त्याच्याबरोबर जाते. मग पुढचा सचिव पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे ज्ञान सोसायटीचं आहे, सचिवाच्या मोबाइलचं नाही.

म्हणून माझी सूचना आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीचा एक विकी करू या. सुरुवातीला फक्त पंचवीस पानं. बोअर, टाक्या, लिफ्ट, विजेचं मीटर, वारस नोंद, लेखापरीक्षण, कायदा, कामगारांचे फोन नंबर. जुन्या सभासदांनी सांगायचं आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी टंकायचं. रविवारी सकाळी दोन तास, चार रविवार. सभासदांची वैयक्तिक माहिती त्यात घालायची नाही. फाइल सोसायटीच्या संगणकात राहील, प्रत अध्यक्षांकडे, आणि समिती बदलली की दप्तराबरोबर तिचीही पोच घ्यायची.

आपण अंबाजोगाईचे लोक. सोळाव्या शतकात दासोपंतांनी याच गावात एका लांबलचक कापडावर, पासोडीवर, आकृत्यांसह पंचीकरण लिहून ठेवलं. वेदान्तातला अवघड विषय त्यांनी एका पटावर मांडला. साडेचारशे वर्षांच्या आसपास काळ लोटला, राज्यं बदलली, गावाचं नाव बदलून परत आलं, पण ते कापड अजून गावात आहे. ते टिकलं, कारण प्रत्येक पिढीने ते पुढच्या पिढीच्या हातात दिलं आणि हे काय आहे तेही सांगितलं. नुसतं कापड दिलं असतं तर कुणीतरी त्याची गादी शिवली असती.

आपण लिहू ते दासोपंतांच्या तोडीचं नसेल. पण हयातीचा दाखला कुठे द्यायचा, गावाकडचा कोणता गट आपला, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, एवढं तरी आपल्यामागे कुणाला सापडायला हवं. आज घरी गेल्यावर दहा खुणा निवडा आणि प्रत्येकीखाली 'कशासाठी' एवढी एकच ओळ लिहा. अडलं तर माझ्याकडे या. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. चहा मिळेल, पण पासवर्ड सांगायचा नाही.